कातळावरचं तिसरं फूल

१

फूल चोरीला गेलं.

बागेतून फूल जाणं वेगळं. तिथं बाई शेजारणीच्या अंबाड्याकडे एकदा बघते आणि तपास संपतो. हे फूल कपाटातून गेलं होतं. अठरा वर्षांपूर्वी वाळलेलं, जोंधळ्याच्या दाण्याएवढं. तीन फुलांचा एक झुबका, आदिलाबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या कपाटात, शीट नंबर दोनशे सोळावर चिकटवलेला. तो अंबाड्यात घालून कुणी मिरवलं असतं तर लोकांनी उवांचं औषध सुचवलं असतं.

विमल मुनेश्वरनं कपाट उघडलं तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. साल शहाऐंशी, महिना ऑक्टोबर. विमल तिथं शिकवायची आणि वाळवलेल्या झाडांचं कपाटही सांभाळायची. कपाटाला तीन किल्ल्या होत्या: एक तिच्याकडे, एक विभागप्रमुख रेड्डी सरांकडे आणि एक भिंतीवरच्या खिळ्याला. चौथी किल्ली म्हणजे दाराच्या डाव्या अंगाला मारलेली बुक्की. चारींनी कपाट सारखंच उघडायचं.

तिनं शीट टेबलावर ठेवली. टेबल म्हणजे रद्दीच्या दोन डोंगरांमधली खिंड. नागपूरचे पेपर आदिलाबादला एक दिवस शिळे होऊनच येतात. इथले अठरा वर्षं शिळे होते. झाडं दाबून वाळवायला जुने पेपर लागतात, ते रोज बदलावे लागतात, आणि वापरलेले कुठेही फेकता येतात. पण अटेंडर देवाजी एकही पेपर फेकत नसे, जाळत तर मुळीच नसे. चहाची चूल तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या, काड्यांनी पेटवायचा. पावसाळ्यात काड्या ओल्या असल्या की सगळा विभाग धुरानं रडायचा, पण कागद काही चुलीत जायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "कागदात काय गुंडाळलं असते, कोन सांगावं?"

विमलनं शीट निरखली. वीतभर उंचीचं झाड, चौकोनी देठ, देठाच्या चारी कडांना पतंगाच्या कागदासारखे पातळ पंख. देठ कागदाच्या पाच पट्ट्यांनी बसवलेला. त्यातली सगळ्यात वरची पट्टी उचलून, घोंगडीची घडी घालावी तशी बाजूला दुमडलेली. तिच्याखालचा झुबका गायब, आणि त्या जागी रुपयाएवढा ओलसर डाग, कडेला पिवळी रेघ. कागद जराही फाटलेला नाही. खाली कोपऱ्यात लेबल, 'केशवराव झाडे, वांकिडीपुढचा कातळ, ऑक्टोबर १९६८'. लेबलाचा एक कोपरा मात्र फाटून परत बसवलेला.

केशवराव झाडे हे विमलचे सर. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याचं आडनाव झाडे असावं, यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली, "लेबल वाचू नका, झाड वाचा." किराईत या कडू औषधी झाडाच्या कुळात दोन चुलतबहिणी आहेत, पावसाळा सरला की ओल्या कातळावर शेजारी शेजारी उगवतात. एक गुलाबी फुलाची, तिच्या देठाला नुसत्या कडा आणि फुलाखालची हिरवी पिशवी साधी. दुसरी पांढऱ्या फुलाची, तिच्या देठालाही पंख आणि पिशवीलाही पंख. वाळल्यावर दोघींची फुलं गवताच्या रंगाची होतात, मग रंग उपयोगाचा नाही. भिंग घेऊन पिशवी बघायची आणि देठ बघायचा.

शीट दोनशे सोळावरच्या देठाला पंख होते आणि पिशवीला नव्हते. म्हणजे ही तिसरीच.

तसं झाड जगात कुणीच नोंदवलेलं नव्हतं. केशवरावांनी कलकत्त्याच्या तज्ज्ञांना कळवलं, तेव्हा उत्तर आलं होतं, एका झाडावर भागत नाही, आणखी आणा. केशवराव दर ऑक्टोबरला कातळावर गेले. सोबत देवाजी, सोबत बायको पंचफुला, सोबत भाकरी. तिसरी परत कधी दिसली नाही. दोन वर्षांमागे तिथून परतल्यावर पंचफुलाबाईंना थंडीताप भरला, मेंदूत गेला, आणि आठव्या दिवशी त्या गेल्या.

आता कलकत्त्याच्या डॉक्टर सान्यालांनी लिहिलं होतं, की ते आदिलाबादवरून जाणारच आहेत, तर एका शीटवरही काम भागवू. एक फूल उकळत्या पाण्यात सोडून, मऊ करून, उघडून बघतील. पटलं तर नवी जात जाहीर, आणि तिला नाव पंचफुलाबाईंचं.

"सान्याल विचारतात," केशवरावांनी आठवड्याआधी विमलला सांगितलं होतं, "पाकळ्या चार, नाव पंचफुला, असं कसं? मी कळवलं, नाव बायकोचं आहे, पाकळ्या मोजू नका."

गाडी संध्याकाळी पाचची होती. आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून, केशवराव सकाळी नवापासूनच येऊन बसले होते.

२

रेड्डी सरांचा विषय शेवाळ. फुलांनी त्यांना शिंका येत.

"मैंने?" ते म्हणाले. "मॅडम, मैं फूल के कमरे में भी नहीं बैठता. देखो, नाम लेते ही..." आणि खरोखर शिंकले.

विमलनं शीट पुढे केली आणि लेबलाच्या फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. रेड्डी सरांनी रुमाल काढला, घडी उलगडली, घडी घातली, परत खिशात ठेवला. शेवाळाच्या अभ्यासकाला रंग बदलताना बघणं विमलला नवीन होतं.

"सर, खरं सांगा. पाच वाजता सान्याल येतील, त्यांना मी काय दाखवू? देठ?"

"फूल नहीं लिया," ते हळूच म्हणाले. "लेबल... वो मैंने. बुधवार को. 'जमा करनेवाला' में सिर्फ झाडे सर का नाम है. विभागप्रमुख का नाम भी लगे, इतना ही. नया लेबल टाइप भी किया था." ते खिन्न झाले. "निकला ही नहीं. वो सफेद गोंद! दो घंटे गीला कापूस रखा मैंने. पत्थर है पत्थर. कोपरा फाटला, मैं डर गया."

"दोन तास? नुसतं पाणी?"

"और क्या, रसम डालूँ?"

विमल रागावली नाही. तिला रागावायचं होतं, पण मधेच एक गोष्ट टोचली. विभागात पहिल्यापासून बाजारातला पांढरा गोंद वापरतात. पट्ट्या त्याच्या, लेबलं त्याची. तो एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. रेड्डी सरांनी दोन तास पाणी लावून फक्त कोपरा फाडला. मग फुलाच्या जागी पाण्यानंच, कागद न फाटता, सगळं कसं सुटलं?

ती टेबलाशी परतली आणि डागाच्या पिवळ्या रेघेकडे बघत राहिली. चव घ्यायला तिनं जीभ बाहेरही काढली. मग आठवलं, की कीड लागू नये म्हणून या शीटांना विष चोळलेलं असतं. 'वाळलेल्या फुलाच्या तपासात बाईचा मृत्यू' ही बातमी नागपूरच्या पेपरात आली असती, आदिलाबादला दुसऱ्या दिवशी पोचली असती, आणि देवाजीनं ती जपून ठेवली असती. तिनं जीभ आत घेतली. सुईच्या टोकानं रेघेचा कण खरवडला, काचेवर पाण्याच्या थेंबात टाकला आणि दुसऱ्या सुईनं ओढला.

तार आली. लांब, चकचकीत, मधासारखी.

हा गोंद बाजारचा नव्हता. हा डिंक होता.

३

ताराबाई म्हणजे पंचफुलाबाईंची धाकटी बहीण. बहीण गेल्यापासून ती केशवरावांना दोन वेळचा डबा पोचवायची आणि दोन्ही वेळा शिव्या घालायची. आजही ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, मधे डबा.

"भाऊजी, दोन घास खाऊन घ्या."

"सान्याल आले की."

"त्याले का तुमच्या हातानं भरवाचं हाय?"

विमलनं तिला नळापाशी बोलावलं. ताराबाई शनिवारी कॉलेजात आली होती, ती शीट बघायला मागितली होती, आणि बघून बराच वेळ रडली होती. हे विमलला माहीत होतं, कारण तिनंच दाखवली होती.

"तारामावशी, ते फूल गेलं."

"गेलं?" ताराबाईनं पदर तोंडाला लावला. मग पदर काढला. "बरं झालं. मायी बहीन खाल्ली त्यानं. तापात मी तिले किराईताचा काढा पाजला, बाई. कडू झहर. त्याच खानदानातलं ना हे? एकानं ताप देल्ला, दुसऱ्यानं उतरवला नाई."

"मावशी, तुम्ही घेतलं का?"

"मी घेतलं असतं तं चुलीत घातलं असतं, नि तुले सांगून घातलं असतं. मी काऊन लपवू? नेल्यानं पंचफुला उठून येते का?" ती थांबली. बाकावरच्या सदऱ्याकडे तिची नजर गेली. "याह्यले सांगितलं?"

"नाही अजून."

"नको सांगू. याच फुलावर जिवंत हाय तो मानूस."

विमलनं तिला विश्वास ठेवण्याजोगी मानलं, कारण फाडणारीचा हात वेगळा असतो. ताराबाईनं फूल काढलं असतं तर अर्धी शीट सोबत आली असती. पट्टीची घडी घालत ती बसली नसती.

"एक विचारू? पंचफुलाकाकूंच्या घरी डिंक होता?"

नळ गळत होता, तो ताराबाईनं घट्ट केला. तरी गळत राहिला.

"तुले कोनं सांगितलं?"

"कुणीच नाही."

"होता. ज्या साली हे झाड घावलं ना, त्याच दिवाळीत मी तिच्या घरी गेली तं फडताळात पुडी. धावड्याचा डिंक, बाजारात गोंडिनी विकते तसा. मायं काळीज असं उडलं! म्या म्हटलं, बाई, लाडूची तयारी का? दिवस गेले का तुले?" ताराबाई हसल्यासारखी झाली आणि तिचे डोळे भरले. "बारा वर्षं झाली होती लग्नाले. तं ती म्हने, नाई वं, कागद चिकटवाले लागला. म्या पाह्यलं, पुडीतला चिमूटभरच गेला होता. तिच्या घरी डिंकाचे लाडू कधीच झाले नाईत. ती गेल्यावर पुडी म्या आनली. अजून हाय. फेकवत नाई."

विमलला त्या घरातली चूल आठवली. ती पहिल्या वर्षाला होती तेव्हा वहीतली चित्रं दाखवायला सरांच्या घरी गेली आणि सवयीनं ओसरीच्या कडेला बसली. पंचफुलाबाई आतून ओरडल्या, "तिथं काऊन बसली? आत ये, भाकरी उलथव, माये हात भरले." मुनेश्वरांच्या पोरीला परक्या चुलीपाशी त्याआधी कुणी बोलावलं नव्हतं. तिनं ती भाकरी करपवली होती.

सगळं झाड ऑफिसच्या गोंदानं, आणि फूल व त्यावरची पट्टी तेवढी घरच्या डिंकानं.

का?

४

उत्तर पहिल्यापासून शीटवरच होतं. विमल गेलेल्या फुलाकडे बघत होती, राहिलेल्या देठाकडे तिनं बघितलंच नव्हतं. लेबल वाचू नका, झाड वाचा.

तिनं सरांनी दिलेलं भिंग काढलं आणि देठाचं वरचं टोक पाहिलं, जिथून फूल तुटलं ते.

वाळलेला देठ आज मोडला तर आतून फिका दिसतो, ताज्या भुश्यासारखा. हे टोक बाहेरच्या सालीइतकंच काळपट होतं, आणि त्यावर डिंकाचा जुना, तडकलेला थर चमकत होता. मोडलेल्या टोकावर डिंक. म्हणजे आधी मोडलं आणि मग डिंक लागला.

देठ काल-परवा मोडला नव्हता. अठरा वर्षांपूर्वी मोडला होता. डिंकानं त्यावर दुसरंच फूल बसवलं होतं, आणि जोड दिसू नये म्हणून वर पट्टी.

देठ पांढरीचा. फुलं गुलाबीची.

विमल बसली. बसायला खुर्ची नव्हती, ती रद्दीवर बसली. तिसरी बहीण कातळावर कधी उगवलीच नव्हती. ती उगवली होती एका स्वयंपाकघरात. आणि केशवराव, ज्यांनी पोरांना लेबलावर विश्वास ठेवू दिला नाही, त्यांनी एक पट्टी कधी उचलून पाहिली नाही, कारण ती बायकोनं लावली होती.

आता चोर शोधणं सोपं होतं, आणि नकोसंही. चोराला ठाऊक होतं की झुबक्याखाली डिंक आहे आणि ओल्या कापसानं तो सुटेल. म्हणजे तो चिकटवताना तिथं होता. पट्टी न फाडता दुमडणारा हात रोज शीटा हाताळणारा होता. फूल कलकत्त्याच्या उकळत्या पाण्यात जाण्याच्या आतच ते गेलं. पाण्यात डिंक सुटतो, हे चोराच्या ध्यानात होतं.

आणि अठरा वर्षं. तिनं खाली हात घालून ज्या ढिगावर ती बसली होती त्यातला पेपर ओढला. नोव्हेंबर अडुसष्ट. ढिगातला सगळ्यात खालचा. अठरा वर्षांपूर्वी असं काय झालं होतं, की एका माणसानं कागद जाळणंच सोडलं?

मागल्या दारातून पऱ्हाटीचा धूर आत आला. देवाजी चहा करत होता.

५

"देवाजीभाऊ."

"चार मिनटं थांबा, बाई. काड्या ओल्या हायेत."

"कागद लावा ना."

देवाजीनं मान वर केली नाही. फुंकणीनं फुंकत राहिला. म्हातारा पुढच्या महिन्यात सेवेतून सुटणार होता; निरोपासाठी रेड्डी सरांनी शेवाळावर भाषण तयार ठेवलं होतं.

"भाऊ, त्या कागदात काय गुंडाळलं होतं?"

फुंकणी थांबली.

"फूल," देवाजी म्हणाला.

मग तो जे बोलला ते त्यानं चुलीलाच सांगितलं.

"तवा सरायच्या घरीच झाडं वाळवत होतो. चुलीजवळ ऊब असते. मी रोजचे पेपर बदलवत होतो. सर आले, म्हनाले, देवाजी, चहा टाक. मी जुना पेपर चुरगाळला नि चुलीत घातला. मांगून पाह्यतो तं झाडाले शेंडाच नाई. फुलं पेपरालेच चिकटून गेली होती, नि पेपर तं जळला. सर चहा पेत होते. म्हनाले, आज चहा फक्कड झाला देवाजी." त्यानं डोळे पुसले, धूर होताच. "मले नोकरीले तीन महिने झाले होते. सर तवा लई तापट. वैनीनं माया चेहरा पाह्यला. दुसऱ्या गठ्ठ्यातून तसाच एक झुबका काढला. म्हने, सारखीच तं फुलं हायेत, याह्यले काय कळते. घरी गोंद नव्हता, म्हनून डिंकानं देठासंग कागदावर बसवला, वरून पट्टी; बाकीचं झाड मांगून कॉलेजात गोंदानं लावलं. मायी नोकरी वाचली."

"आणि सरांना कळलं नाही."

"लई जास्त कळलं ना! दुसऱ्या दिशी भिंग लावून पाह्यलं नि नाचाले लागले. खरंच नाचले, बाई, परातीवर पाय पडला. हे जगात नाई म्हने, देवाजी, जगात नाई! वैनी म्हने, आज सांगू नको, उद्या शांत होतीन तवा सांगू. उद्या तं कलकत्त्याले चिठ्ठी गेली."

"अठरा वर्षांत एक दिवस मिळाला नाही?"

"मी म्हटलं होतं एकदा. कातळावरच. सर पालथे पडून गवतात पाहून राह्यले होते. म्या म्हटलं, वैनी, सांगून टाका, आपन तिघंही उन्हात मरून राह्यलो. तं वैनी म्हने," देवाजीनं फुंकणी खाली ठेवली, "म्हने, देवाजी, घरी हे मास्तर असते. इथं पाय, कसं पोरगं होते. आपल्या घरी पोरगं नाई. वर्सातून एक दिवस मले पाहू दे."

काड्यांनी एकदम पेट घेतला. चहा उतू गेला. दोघांनीही भांडं उतरवलं नाही.

"आता तो कलकत्तेवाला फूल उकळवनार होता," देवाजी म्हणाला. "पाण्यात पडलं की डिंक सुटते नि जोड उघडा पडते. मंग वैनीचं नाव काय झालं असतं? चोरी झाली, तं फूल खरं राह्यते. म्हनून घेतलं. पोलीस येऊ द्या, मी सांगतो इकलं म्हनून."

"कोण विकत घेतं ते?"

देवाजीनं विचार केला. "हे ध्यानात आलं नाई माया."

त्यानं टोपी काढली. घडीत विडीच्या बंडलाचा कागद होता, आणि कागदात, कापसावर, तीन फुलांचा झुबका.

"टाकून देनार होतो. पन वैनीनं लावलेलं हाय."

दारात कुणीतरी उभं होतं. विमलनं वळून पाहिलं. इस्त्रीचा सदरा.

६

"शीट कुठे आहे?" केशवरावांनी विचारलं.

ते कधीपासून उभे होते हे विमलला कळेना. तिनं तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलली. "सर, कीड लागली. फूल खाल्लं किड्यानं."

"विष चोळलेलं आहे."

"विषाला न जुमानणारा किडा होता."

"नवी जात?" केशवराव म्हणाले. ते हसले नाहीत. आत गेले, खिंडीतून वाट काढत टेबलापाशी पोचले, आणि विमलच्या हातातून आपलं जुनं भिंग घेतलं.

त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यांना कधीच लागलं नसतं. ते फक्त तिथं बघत नव्हते. भिंग देठाच्या टोकावर थांबलं, मग दुमडलेल्या पट्टीवर, मग पिवळ्या रेघेवर. मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं, पण टेबल संपलं होतं, भिंग खाली पडलं, आणि कुणी उचललं नाही.

"देठ जुनाच मोडलेला आहे," ते म्हणाले.

देवाजी टोपी हातात धरून उभा होता.

"तिला माहीत होतं?"

"होय जी."

"पहिल्यापासून?"

"होय जी."

केशवराव बोटांवर काही मोजू लागले. एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर. विमलला समजलं ते काय मोजतायत, आणि त्यांनी थांबावं असं तिला वाटलं. ते चौऱ्याऐंशीपर्यंत गेले. त्याच्यापुढे बोट हललं नाही.

"त्या वर्षी तिला आधीपासून कणकण होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, तू राहा घरी. म्हणाली, भाकऱ्या झाल्यात, आता काय राहायचं. जे नाहीच ते शोधायला आली. तिला ठाऊक होतं, आणि तरी भाकऱ्या." त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, म्हणून ऐकवत नव्हता. "मी नाचलो नसतो तर तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं. मी परातीवर नाचलो रे, देवाजी."

"सर, पोलिसात द्या मले."

"आणि काय लिहायचं? मी प्यायलो त्या चहात फूल होतं म्हणून?"

मागून ताराबाई आली होती. तिला निम्मंच कळलं होतं. पण तिनं डबा रद्दीवर ठेवला आणि पहिल्यांदाच शिवी घातली नाही.

"ताराबाई," केशवराव वळून म्हणाले, "तिची डिंकाची पुडी तुमच्याकडे आहे. नळापाशी बोलत होतात, ऐकलं मी. चिमूटभर आणता?"

ताराबाई गेली. गाडी पाचची होती, म्हणजे सात तर वाजणारच होते. केशवराव रद्दीवर बसून राहिले. मधेच ते म्हणाले, "सान्यालांना मी सांगेन. तुम्ही कुणी नका सांगू." मग, "पोरगं म्हणाली?"

"होय जी. कसं पोरगं होते, म्हने."

केशवरावांनी तोंड भिंतीकडे केलं. खांदे तेवढे दिसत होते. देवाजीनं गार झालेला चहा त्यांच्याजवळ ठेवला, आणि पुन्हा उचलून घेतला.

डिंक आला. तो अठरा वर्षांचा झाला होता, तरी पाण्यात विरघळला. केशवरावांनी शीट दोघांपुढे सरकवली; थेंब विमलनं लावला आणि झुबका देवाजीनं ठेवला. जिथं पंचफुलाबाईंनी ठेवला होता तिथंच, तसाच किंचित डावीकडे कललेला. पट्टी त्यांनी परत लावली नाही. जोड उघडा राहू दिला.

कपाटाचा नियम असा, की चुकीचं लेबलसुद्धा काढायचं नाही. ओळख बदलली तर खाली नवी चिठ्ठी जोडायची. केशवरावांनी चिठ्ठी मागितली. दौतीत टाक बुडवून सावकाश लिहिलं:

देठ: पांढरी.
फुलं: गुलाबी.
जोडणी: सौ. पंचफुला झाडे, ऑक्टोबर १९६८.
ओळख पटवणारा: के. झाडे.

शेवटी शेऱ्याची ओळ असते. तिथं टाक इतका वेळ थांबला की शाईचा एक थेंब पडला. मग त्यांनी लिहिलं, 'फार उशीर झाला.'

नियमाप्रमाणे चिठ्ठी कपाट सांभाळणाऱ्यानं तपासून सही करायची असते. विमलनं देठ पाहिला, पिशवी पाहिली, जोड पाहिला. चिठ्ठीत चूक नव्हती. तिनं सही केली.

स्टेशनकडून शिट्टी ऐकू आली. केशवराव उठले, सदरा नीट केला, खाली वाकून भिंग उचललं आणि विमलच्या हातात दिलं.

"डबा घ्या, ताराबाई," ते म्हणाले. "सान्यालांनाही भूक लागली असेल."